मागचे तीन स्क्रू

पूर्णगडच्या किल्ल्यावरून ध्रुव तारा शोधायला मान फारशी वर करावी लागत नाही. गावाचा अक्षांश साधारण १६.८, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सतराच अंशांवर. उत्तरेला सडा, सड्यावरची कलमं, त्यावर पावस-रत्नागिरीकडचा उजेड आणि या सगळ्यावर समुद्राच्या दमट हवेचा थर. एवढ्यातून जो ध्रुव डोळ्यापर्यंत पोचतो तो मुळात फिका, त्यात सतत थरथरणारा. आणि नवशिक्याच्या दुर्बिणीबरोबर येणारं माहितीपत्रक सांगतं की आरसे जुळवून झाले की दुर्बीण ध्रुवावर रोखा आणि खात्री करून घ्या. सूचना चुकीची नाही. बाकीचे तारे सरकतात, ध्रुव जवळजवळ जागच्या जागी राहतो, त्यामुळे दुर्बीण सोडून स्क्रूला हात लावता येतो. पण ती लिहिणारा माणूस लंडन-बर्लिनच्या बाजूला राहतो. त्याचा ध्रुव पन्नास अंशांवर, स्वच्छ हवेत असतो. कोकणात त्या पत्रकाबरहुकूम वागलं तर आरसे नीट जुळलेले असूनही चित्र हलतं, आणि दोष दुर्बिणीच्या माथी बसतो.

माझ्या बहिणीचं घर पूर्णगडात आहे. भाचीकडे ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण आहे. हौशी मंडळींच्या भाषेत ‘एकशेचौदा-नऊशे’. आपल्याकडे वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालाला भेट म्हणून येणाऱ्या दुर्बिणींत ही सगळीकडे आढळते. पहिले काही दिवस चंद्र बघून होतो, शेजारीपाजारी येऊन जातात, मग ती पडवीच्या कोपऱ्यात आणि तिथून माळ्यावर जाते. भाचीची तक्रार मात्र नेमकी होती. “मामा, गुरूला शेपूट आहे. आणि ती कायम एकाच बाजूला असते.”

“अरे, ती तुझ्या पुण्याला परत घेऊन जा,” ताई आतून म्हणाली. “इथे नुसती खारी हवा खाते.”

शेपूट कायम एकाच बाजूला असणं हे निदान निम्म्यावर आणून ठेवतं. हवेमुळे बिघडलेलं चित्र चहूबाजूंनी उकळल्यासारखं हलतं. आरसे तिरके असले की प्रकाश एका दिशेला फाकतो आणि प्रत्येक तारा छोटा धूमकेतू होतो. हा दोष आरशाच्या काचेत नसतो. दोन आरशांची तोंडं एकमेकांना नीट बघत नाहीत, एवढंच. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या दुकानातून, म्हणजे बहुतेक वेळा चीनमधून तिथे येऊन, मग आंबा घाटाच्या वळणांतून एसटीच्या टपावर किंवा कुरिअरच्या गाडीत आलेल्या नळकांड्यातले स्क्रू जागच्या जागी राहिले असतील असं समजणंच भोळेपणाचं.

न्यूटनने १६६८ मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण बनवली तिचा आरसा सव्वा इंचाच्या आसपास होता आणि तो काचेचा नव्हे, कथील-तांब्याच्या मिश्रधातूचा होता. मांडणी तीच जी आज भाचीच्या दुर्बिणीत आहे. नळीच्या तळाला अंतर्वक्र मोठा आरसा, तोंडाजवळ पंचेचाळीस अंशांत कलता बसवलेला सपाट छोटा आरसा, आणि नळीच्या कडेला आयपीस. साडेतीनशे वर्षांत काच आली, काचेवर आधी चांदीचा आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा आला, आरशाचा आकार गोलीयऐवजी परवलयी झाला. पण दोन आरसे आणि डोळा एका रेषेत आणायची कटकट न्यूटनला होती तशीच आजही आहे.

ही कटकट सगळ्या दुर्बिणींना सारखी नसते, आणि दुकानदार हे सहसा सांगत नाही. नाभीय अंतराला आरशाच्या व्यासाने भागलं की जी संख्या येते, तिला छायाचित्रकारांसारखंच एफ म्हणतात. ९०० भागिले ११४ म्हणजे एफ ८ च्या जवळपास. अशा दुर्बिणीत मधलं निर्दोष क्षेत्र अकरा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतं. १३० मिलिमीटर आरसा आणि ६५० नाभीय अंतर, म्हणजे एफ ५, या सध्या खूप विकल्या जाणाऱ्या दुर्बिणीत तेच क्षेत्र जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. एफ घटला की हे क्षेत्र त्याच्या घनाच्या प्रमाणात आक्रसतं. म्हणून आखूड, आटोपशीर नळी घेणाऱ्याने आरसे जुळवायला शिकलंच पाहिजे, तर लांब नळीवाल्याला थोडं इकडेतिकडे चालून जातं. आरशाच्या आकाराचंही तसंच. ११४ मिलिमीटर एफ ८ ला साधा गोलीय आरसा पुरतो. १३० मिलिमीटर एफ ५ ला परवलयीच हवा. तो गोलीय निघाला तर कितीही स्क्रू पिळा, गुरू पिठूळच दिसणार.

एका जातीपासून मात्र दूरच राहावं. नळी हातभर, आणि तिच्यावर लिहिलेलं नाभीय अंतर १००० मिलिमीटर. हा हिशोब जमवायला फोकसरच्या, म्हणजे आयपीस धरणाऱ्या नळीत एक भिंग बसवलेलं असतं. ते काढलं तर चित्र बिघडतं आणि ठेवलं तर लेझरने आरसे जुळवताना किरण वाकडा पडून भलतीकडे नेतो. स्वस्तात मिळते म्हणून घेतली जाते आणि नंतर कोणालाच जुळवता येत नाही.

आमची दुर्बीण साधी होती, हे नशीब. आधी दिवसाउजेडी खळ्यात टेबल मांडलं आणि नळी आडवी ठेवली. नळी आडवीच ठेवायची, कारण छोट्या आरशाचे स्क्रू नळीच्या तोंडाशी असतात आणि हातातून निसटलेला स्क्रू ड्रायव्हर उभ्या नळीत थेट मोठ्या आरशावर जातो. फोकसरमध्ये डोळा नेमका मध्यावर आणायला काहीतरी लागतं. त्यासाठी महागडी उपकरणं मिळतात. आमच्यासाठी रत्नागिरीच्या एका फोटो स्टुडिओतून आणलेली जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मची काळी डबी पुरली. तिचा व्यास सव्वा इंची फोकसरमध्ये जवळजवळ बेमालूम बसतो. तळाच्या मध्यावर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, दुसरं टोक कापून टाकलं, झालं काम. आता डब्या मिळेनाशा झाल्या आहेत; फोकसरबरोबर येणाऱ्या धुळीच्या टोपीला मधोमध भोक पाडलं तरी चालतं.

दुसरी तयारी म्हणजे मोठ्या आरशाच्या मध्यावर खूण. चांगल्या दुर्बिणींना ती कारखान्यातून असते, आमच्या दुर्बिणीला नव्हती. मागच्या बाजूचे स्क्रू काढून आरसा बैठकीसकट बाहेर काढला. आरशाएवढा गोल कागद कापला, चौघडी घालून मध्य काढला, तिथे भोक पाडलं, कागद आरशावर ठेवला आणि भोकातून बारीक ठिपका दिला. मग फाइलच्या कागदांना लावतात ती गोल चिकट रिंग ठिपक्याभोवती बसवली. आरशाला असं काही डकवायचं, हे भाचीला पटेना. “चंद्राच्या मध्यावर डाग नाही दिसणार?” नाही. तो मध्य छोट्या आरशाच्या सावलीतच असतो, तिथे प्रकाश पोचतच नाही.

मग खरं काम. आधी छोटा आरसा. फोकसरमधून पाहताना तो गोल आणि मधोमध दिसला पाहिजे. तिथे इतकी प्रतिबिंबं एकमेकांत घुसलेली असतात की काय कशाचं आहे हेच कळत नाही. फोकसरच्या समोरच्या बाजूला नळीच्या आत रंगीत कागद लावला आणि दोन आरशांच्या मध्ये पांढरा कागद आडवा धरला, की मागचं सगळं झाकलं जातं आणि छोट्या आरशाची कड लख्ख दिसते. त्याच्या मधल्या बोल्टने तो नळीत पुढेमागे जातो आणि भोवतीच्या तीन बारीक स्क्रूंनी त्याचं तोंड वळतं. पांढरा कागद काढून हे तीन स्क्रू असे फिरवायचे की मोठ्या आरशाला धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपा कडेला सारख्या दिसतील. इथे घाई चालत नाही. एक स्क्रू सैल केला तर दुसरा कसावा लागतो आणि तिसरा आपसूक भांडायला येतो.

यानंतर मागचे स्क्रू. तिथे सहा असतात. तीन आरसा झुकवणारे आणि तीन त्याला जखडून ठेवणारे. जखडणारे आधी सैल करायचे, हे न केल्याने पुष्कळ जण स्क्रूच्या खाचा झिजवून बसतात. मी डबीच्या भोकाला डोळा लावून बसलो, भाची मागे. भोकातून रिंग दिसते आणि रिंगेच्या आसपास कुठेतरी भोकाचं स्वतःचं प्रतिबिंब, म्हणजे काळ्या डबीच्या मध्यावर एक उजेडाचा ठिपका. तो ठिपका रिंगेच्या आत आणला की झालं.

“कितपत पिळू?”

“पाव आटा. मग थांब.”

ठिपका सरकला, पण खाली. तिने उलटा फिरवला. वर आला, पण डावीकडे राहिला. दुसरा स्क्रू. असं करता करता ठिपका रिंगेच्या काठावर येऊन टेकला आणि मग आत शिरला. जागा बदलली. आता ती डोळा लावून सांगत होती आणि मी मागे पिळत होतो, आणि खरं सांगायचं तर तिच्या सूचना माझ्यापेक्षा नेमक्या होत्या. शेवटी जखडणारे स्क्रू हलक्या हाताने लावले. जोरात आवळले की आरसा पुन्हा सरकतो, शिवाय काचेवर ताण येऊन तारे तिकोनी दिसू लागतात.

लेझर घेऊ का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, पहिल्या दुर्बिणीसाठी नको. स्वस्त लेझर स्वतःच त्याच्या नळीत तिरका बसलेला असतो. फोकसरमध्ये तो गोल फिरवून बघावा. ठिपका आरशावर वर्तुळ काढत फिरला तर आधी लेझरच जुळवावा लागणार. फिल्मची डबी खोटं बोलत नाही.

शेवटची खात्री ताऱ्यावरच होते आणि इथे पुन्हा सतरा अंशांचा प्रश्न. दिवाळीच्या सुमाराला रात्री नऊच्या आसपास दक्षिणेला फोमलहॉट चाळीसेक अंशांवर असतो. त्याच्या शेजारी दुसरा ठळक तारा नाही, त्यामुळे चुकायचं कारण नाही. तो सरकतो, पण नळी अधूनमधून ढकलत राहिलं तर काम होतं. जास्त शक्तीचं आयपीस लावून तारा मुद्दाम किंचित अंधुक करायचा. मग प्रकाशाची गोल चकती दिसते, तिच्या आत बारीक कडी आणि मध्यावर छोट्या आरशाची काळी सावली. सावली मधोमध असली तर आरसे जुळले. एका बाजूला सरकलेली असली तर नळी थोडी हलवून बघायची. दृश्याच्या ज्या बाजूला चकती सारखी दिसते तिथे ताऱ्याला न्यायचं आणि मग मागच्या स्क्रूंनी त्याला परत मध्यावर आणायचं.

रात्रीपर्यंत थांबायचं नसेल तर उन्हातही तारा बनवता येतो. सायकलच्या बेअरिंगची चकचकीत गोळी काळ्या कापडावर ठेवून पन्नास-साठ मीटरवर मांडायची. तिच्यावर सूर्याचा जो बारीक ठिपका चमकतो तो दुर्बिणीला ताऱ्यासारखाच असतो. सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि नळी चुकूनही त्याच्याकडे वळता कामा नये.

त्या रात्री गुरू उशिरा उगवणार होता म्हणून शनी पाहिला. २०२५च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली होती, त्यानंतर कडी अजून सुईसारखी बारीक होती. पण शेपूट नव्हती. भाचीने तेवढंच पाहिलं, कडीचं तिला फारसं कौतुक नव्हतं. “मग आता हिचं नाव काय, दुरुस्त झाली म्हणायचं?” दुरुस्त काय, ती बिघडलेलीच नव्हती.

या किनाऱ्याला दुर्बिणी नव्या नाहीत. पूर्णगडहून सरळ रेषेत दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिथे उपकरणं घेऊन उतरला होता. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याने हाताशी घेतले, प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलं आणि आधी तालमी करून घेतल्या. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकणार होती. त्यात आरसा हलला, प्लेट चुकली तर पुन्हा संधी नाही. आज किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून चौथरे दाखवतात आणि १८६८ मध्ये लॉकियरने हेलियमचा शोध इथेच लावला असं सांगतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्रहण झालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. हेलियमची ती पिवळी वर्णरेषा त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिली. ऑगस्टच्या त्या ग्रहणाला गुंटूरला फ्रान्सचा जान्सन होता. जमखंडीला, म्हणजे मूळच्या कोतवड्याच्या पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. त्याचे आजोबा विल्यम हर्शेल यांनी स्वतः घासलेल्या सहा इंची आरशातून १७८१ मध्ये युरेनस शोधला होता. विजयदुर्गला १८९८ पुरेसं मोठं आहे. त्याला १८६८चं श्रेय उसनं आणायची गरज नाही.

त्याच १८९८च्या ग्रहणाला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये उभी राहिलेली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वात मोठी होती. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे त्याच पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, देशातली सर्वात जुनी हौशी खगोल संस्था. हॅलेच्या धूमकेतूच्या काळात मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं आणि वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनांनी कित्येकांना दुर्बिणीला पहिल्यांदा डोळा लावायला दिला. पुण्यातल्या आयुका या खगोल संस्थेत अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या. तिथे माणसं काचेवर काच घासून स्वतःचा आरसा बनवायची. ज्याने आरसा घासलाय त्याला तो जुळवायची भीती वाटत नाही. दुकानातून तयार दुर्बीण घेणाऱ्यांच्या पिढीत ही ओळखच तुटली, असं मला वाटतं.

आता सुधारणांचं. खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलेलं असलं की मी आधीच नमस्कार करतो. ते गणित ७०० भागिले ४ मिलिमीटरचं आयपीस, गुणिले प्रतिमा ३ पट वाढवणारं बार्लो भिंग असं असतं. ७६ मिलिमीटरच्या आरशाला दीडशे पटीपुढे काही झेपत नाही, ११४ ला सव्वादोनशेपुढे. म्हणून पहिल्यांदा ते ४ मिलिमीटरचं आयपीस आणि प्लास्टिकचं बार्लो पेटीतून बाजूला काढावं. पहिला पैसा प्लॉसल जातीच्या दोन चांगल्या आयपीसवर. २५ मिलिमीटरचं ३६ पट देतं आणि १० मिलिमीटरचं ९० पट. पूर्णगडच्या हवेत बहुतेक रात्री एवढंच हवं असतं. शोधक दुर्बिणीऐवजी लाल ठिपक्याचा शोधक. नळीच्या आत फोकसरच्या समोर काळं मखमली कापड डकवलं की चंद्राच्या उजेडातही पार्श्वभूमी काळी राहते.

खरी अडचण स्टँडची आहे. या दुर्बिणीबरोबर येतं ते विषुववृत्तीय स्टँड. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. सतरा अक्षांशावर तो अक्ष इतका आडवा होतो की काही दिशांना वजनाची दांडी तिपाईच्या पायाला अडते. पुन्हा तीच गोष्ट, यंत्र उत्तरेच्या देशांसाठी बनलेलं. आणि पाय पातळ अ‍ॅल्युमिनियमचे, समुद्राच्या वाऱ्यात थरथरणारे. मधल्या साखळीला दगडाची पिशवी टांगली तर थोडं सावरतं. पण मी भाचीला सुचवलं ते वेगळं, जॉन डॉब्सनची बैठक.

डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत संन्यासी होता. १९४४ ते १९६७. जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून त्याने बारा इंची आरसा बनवला. मठातून चोरून दुर्बिणी बाहेर नेऊन रस्त्यावर लोकांना तारे दाखवायचा, आणि या नादापायी त्याला मठ सोडावा लागला. त्याच्या दुर्बिणीला गिअर नाहीत, मोटर नाही. प्लायची पेटी, खाली फिरती फळी, मध्ये सनमायका आणि टेफ्लॉनचे तुकडे. बोटाने ढकललं की हलते, सोडलं की थांबते. ध्रुव कुठेही असो, तिला फिकीर नसते. इथल्या मुचकुंदी खाडीच्या काठावर होड्यांचं काम करणाऱ्या माणसांना मरीन प्लाय काय हे सांगावं लागत नाही.

कोकणातली दुसरी लढाई पावसाळ्याशी. जून ते सप्टेंबर दुर्बीण वापरता येत नाही आणि तशीच ठेवली तर आयपीसच्या भिंगांत बुरशीचे धागे पसरतात, आरशाच्या मुलाम्यावर खारे डाग पडतात. झाकणं घट्ट लावून, आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावीत; दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करता येतात. आरशावर धूळ दिसली म्हणून लगेच पुसायला जाऊ नये. थोडी धूळ काही बिघडवत नाही, कोरडं कापड मात्र नक्की ओरखडे पाडतं. फारच घाण झाला तर आधी वाहत्या पाण्याखाली धरावा, मग साबणाच्या थेंबाच्या पाण्यात ओला कापूस नुसता फिरवावा, दाबू नये, आणि शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. उभा ठेवून वाळवावा.

मग पूर्णगडला फायदा काय? दक्षिण. आकाशगंगेचा मध्य इथे चव्वेचाळीस अंशांपर्यंत वर येतो, लंडनला तो दहाच्या आत राहतो. एप्रिल-मे महिन्यांत ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पंचवीसेक अंशांवर येतो, खाडीपलीकडे गावखडीच्या दिशेला. अलीकडे खोल समुद्रात मासेमारी नौकांच्या दिव्यांचा पट्टा पश्चिमेला उजळतो तेव्हा तो त्रासदायक होतो, दक्षिण मात्र अजून काळी आहे. ओमेगासाठी एकशेचौदाला पंचवीसचं आयपीस पुरेल.

भाचीला आता आठ इंची हवी आहे. “आधी बैठक,” मी म्हटलं, “मग बघू.” तिने वहीत नळीचा तोल कुठे येतो ते मोजून लिहिलं आहे, बाजूच्या फळ्या किती उंच लागतील तेही. ओमेगा खाली असल्याने नळी बरीच आडवी होणार, म्हणून पेटीचा पुढचा काठ कापावा लागेल असं तिचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. प्लाय सांगून ठेवला आहे. टेफ्लॉन रत्नागिरीत मिळाला नाही तर पुण्याहून मी पाठवणार.